५० एच ७

ड्रॉइंगवर एवढंच लिहिलेलं असतं: ५० एच ७. नव्या पोराला वाटतं, पन्नास मिलिमीटरचा बोअर मारायचा, झालं काम. प्रत्यक्षात तो बोअर ५०.००० पेक्षा लहान चालत नाही आणि ५०.०२५ च्या वर गेला की जॉब भंगारात. म्हणजे हातात मोकळीक आहे ती फक्त २५ मायक्रॉनची. डोक्यावरचा केससुद्धा साधारण याच्या तिप्पट जाड असतो.

भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्येच माझी हयात गेली. आधी लेथवर, मग बोअरिंग आणि ग्राइंडिंगवर. आता आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आलेली मुलं माझ्या हाताखाली देतात. त्यांना बटणं सांगावी लागत नाहीत, सीएनसीचा प्रोग्रॅम ती माझ्यापेक्षा चटकन वाचतात. शेवटचा कट मारण्याआधी काय करायचं, ते मात्र शिकवावं लागतं. माझ्या मते या धंद्यातलं निम्मं कौशल्य तिथेच आहे.

बोअर ४९.४० पर्यंत आला की मुलाची चुळबुळ सुरू होते. त्याचा हिशेब असा, की आता मोठा कट मारून ४९.९७ ला यायचं आणि उरलेलं हळूच खरवडून काढायचं. मी त्याला थांबवतो. बोअरिंग बार लांब असतो आणि कट घेताना तो वाकतो. टूलची धारही पूर्ण टोकदार नसते, तिला बारीकशी गोलाई असते. फार पातळ कट दिला की टूल कापत नाही, नुसतं घासतं. पृष्ठभाग चकाकतो, पोरगं खूश होतं, आणि साईज काय येईल ते देव जाणे.

म्हणून उरलेल्या ०.६० चे दोन सारखे भाग करायला सांगतो. पहिला कट ०.३० चा. डायलवर ४९.७० लावलं आणि गेजने ४९.६८ दाखवलं, तर बार वाकल्याने व्यासात वीस मायक्रॉन कमी पडतात हे कळलं. दुसरा कट जवळपास तेवढाच, फीड तोच, स्पीड तोच, म्हणजे बारही तेवढाच वाकणार. बोअर मधोमध ५०.०१२ ला आणायचा असेल तर डायल ५०.०३२ ला लावायची. बोअर बरोबर साईजला येतो. सीएनसीवर डायलच्या जागी वेअर ऑफसेट असतो, हिशेब तोच.

पण त्या दोन कटांच्या मध्ये थांबायचं असतं, आणि मुलांना तेच जड जातं. रफिंगने जॉब तापलेला असतो. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, हे १९३१ साली ठरलं. एक मीटर पोलाद दर अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. पन्नासचा बोअर गेजपेक्षा वीस अंशांनी जास्त तापला असेल, तर साडेअकरा मायक्रॉनचा फरक एकट्या उष्णतेने पडतो. आपल्या मोकळिकीतली जवळजवळ निम्मी जागा तिथेच गेली. मे महिन्यात आमच्या शेडचा पत्रा तापतो, तेव्हा जॉब आणि गेज एकाच टेबलावर ठेवून सारख्या तापमानाला येऊ द्यायचे. दोन्ही पोलादाचे असले तर दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक बरीचशी आपोआप मिटते.

बोअर गेज आधी स्लिप गेजवर शून्याला लावायचं. हे पोलादी ठोकळे योग्य ते निवडून एकमेकांना जोडले की हवं ते माप उभं राहतं. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुनाच्या रायफल कारखान्यातल्या कार्ल एडवर्ड योहान्सनला १८९६ साली ही कल्पना सुचली. दोन ठोकळे स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले की ते असे चिकटतात, की उचलले तरी सुटत नाहीत. प्रत्येक नव्या मुलाला मी हे स्वतःच्या हाताने करायला लावतो. बोटाचा घाम किंवा धुळीचा एक कण राहिला तरी ते चिकटत नाहीत. फडक्याने नीट पुसा, हे मग शंभरदा सांगावं लागत नाही.

गेज बोअरमध्ये घातल्यावर ते पुढेमागे डोलवायचं. काटा एका ठिकाणी जाऊन परत फिरतो. तो फिरतो तिथलंच माप खरं.

आणि खरं मापसुद्धा फसवतं. पातळ रिंग थ्री-जॉ चकात धरली की तीन ठिकाणी दाबली जाते. त्या अवस्थेत बोअर अगदी गोल मारला आणि जॉब सोडला, की दाबलेल्या तीन जागा बाहेर येतात आणि मधल्या तीन आत जातात. म्हणजे जॉच्या समोरची जागा जेवढी आत, तेवढीच जॉची जागा बाहेर. दोन टोकांनी मोजणारं गेज कुठेही फिरवा, सगळीकडे सारखंच माप. कागदावर जॉब पास आणि शाफ्ट काही आत जाईना. मुलगा गेज पुन्हा पुन्हा फिरवतो, माझ्याकडे बघतो. ‘‘काका, माप तर बरोबर आहे.’’ मी एवढंच विचारतो, ‘‘धरला कसा होतास?’’ त्याला विचार करू देतो. मऊ जॉ रिंगच्या साईजला मारून घेऊन पूर्ण वेढा देऊन धरायचं, हे बहुतेकांना मग आपसूक सुचतं. आधीच सांगितलं असतं तर दुसऱ्या जॉबवर विसरले असते.

एका गोष्टीत मात्र मी स्वतःचं स्वतः शिकू देत नाही. चकाची चावी चकात ठेवून हात बाजूला घ्यायचा नाही. फिरत्या मशीनवर हातमोजे नकोत. मनगटावरचा गंडा, अंगठी, सैल बाही, मुलींची ओढणी हे सगळं आधी काढायचं किंवा आत खोचायचं. कापलेल्या धातूची बर चिमट्याने किंवा हुकाने ओढायची, हाताने कधीच नाही. यात नवस-श्रद्धेचा मान राखून सांगतो, पण सूट देत नाही.

मालक लोक म्हणतात, शिकवलं की पोरगं दुसरीकडे जातं. जातं, खरं आहे. चाकणला चार पैसे जास्त मिळाले तर का जाणार नाही? पण शेजारच्या कारखान्याने शिकवलेला मुलगा आपल्याकडेही येतोच. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने मुलं दारापर्यंत आणून दिली आहेत. त्यांना नुसतं जॉब उचलणं-ठेवणं आणि झाडलोट देऊन वर्ष संपवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि आपल्या कारखान्याचंही नुकसान आहे. माझं मागणं मोठं नाही. उत्पादनातून बाजूला काढलेला एक जुना लेथ, भंगारातले कास्टिंगचे तुकडे, एक चांगलं बोअर गेज, आणि पाळीतला एक तास, ज्यात कुणी येऊन नग किती झाले विचारणार नाही.