जुन्या सर्फबोर्डांचा लिलाव

फुटत्या लाटेवर फळीच्या आधाराने उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याचा खेळ म्हणजे सर्फिंग. मूळचा हवाई आणि पॉलिनेशियातील इतर बेटांवरचा हा खेळ विसाव्या शतकात कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात रुजला, आणि त्याच्याशी निगडित जुन्या फळ्या, चषक, चित्रपटांची भित्तिपत्रके, मासिकांचे आरंभीचे अंक व रेयॉनचे रंगीत हवाई शर्ट यांचा आता एक स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे. होनोलुलूत स्पर्धा-संयोजक रँडी रॅरिक यांनी भरवलेले लिलाव आणि कॅलिफोर्नियात होणारे तशाच प्रकारचे लिलाव या बाजारातील भावाची दिशा ठरवत आले आहेत.

या बाजाराचा पाया दुर्मीळतेवर आहे आणि ती दुर्मीळता बव्हंशी अनास्थेतून आलेली आहे. १९५९मध्ये ‘गिजेट’ हा चित्रपट आल्यानंतर सर्फबोर्डांना प्रचंड मागणी आली, परंतु त्या काळच्या नऊ-दहा फुटी फळ्या १९६७च्या सुमारास ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅविश आणि हवाईत डिक ब्रूअर यांच्यासारख्या कारागिरांनी आखूड फळ्या घडवायला सुरुवात करताच अवघ्या दोन-तीन वर्षांत कालबाह्य ठरल्या. तरुणांनी जुन्या फळ्यांवरचे आवरण सोलून आतला फोम तासून नव्या आखूड फळ्या केल्या. उरलेल्या फळ्या परसात, गॅरेजमध्ये किंवा थेट कचऱ्यात गेल्या. साहजिकच, ज्या फळीकडे कोणाचे लक्षच गेले नाही तीच पुष्कळदा आज उत्तम स्थितीत सापडते.

फळीची पारख करायची तर तिची घडण माहीत असावी लागते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्साच्या लाकडाऐवजी पॉलियुरेथेन या हलक्या कृत्रिम फोमचा वापर रूढ केला. या फोमच्या मधोमध ‘स्ट्रिंगर’ नावाची लाकडाची बारीक पट्टी बसवतात, त्याला रंध्याने आकार देतात आणि त्यावर काचतंतूंचे कापड राळेत भिजवून चढवतात. आकार देणारा कारागीर म्हणजे ‘शेपर’. तो पुष्कळदा स्ट्रिंगरवर किंवा फोमवर पेन्सिलीने आपली सही किंवा फळीचा क्रमांक घालतो आणि वर राळ चढल्यामुळे ती अक्षरे आत कायमची बंद होतात. निर्मात्याचे बोधचिन्हही पातळ कागदावर छापून त्याच आवरणाखाली घातलेले असते. म्हणून जाणकार खरेदीदार चिन्हाच्या कडेवरून नख फिरवून पाहतो: चिन्ह आवरणाच्या वर चिकटवलेले असेल किंवा सभोवतालची राळ उन्हाने पिवळी पडलेली असून चिन्हावरची तेवढीच स्वच्छ असेल, तर शंकेला जागा राहते.

खरा वाद दुरुस्तीचा आहे. खडकावर आपटून फळीला पोचे पडतात, चिरा जातात, आवरण फोमपासून सुटून फुगते, आणि हे सारे घासूनपुसून नवे दिसेल असे करणारे कुशल कारागीरही उपलब्ध आहेत. मात्र आवरण पूर्ण बदलले की मूळ राळ, मूळ रंग आणि वापराच्या खुणाही जातात. मागे राहतो तो फक्त आकार. प्रसिद्ध सर्फरच्या फळीवरचे पोचे हा तिच्या वापराचा पुरावाच असतो आणि चकचकीत करण्याच्या हौसेपायी तो पुसून टाकणे हे नुकसानच म्हटले पाहिजे, मग दिवाणखान्यात ती फळी कितीही शोभून दिसो.

फोमच्या आधीच्या फळ्या त्याहून विरळा. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरला १९३२मध्ये पोकळ फळीचे पेटंट मिळाले. आत विमानाच्या पंखासारख्या आडव्या फासळ्या, वर पातळ लाकूड, आणि झिरपलेले पाणी काढून टाकण्यासाठी एक छोटे बूच, अशी तिची रचना होती. याच ब्लेकने १९२०च्या दशकात होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील सरदार अब्नेर पाकी यांच्या अवाढव्य फळ्यांची डागडुजी केली होती. हे संग्रहालय पाकी यांची कन्या बर्नीस पौआही बिशप हिच्या स्मरणार्थ १८८९मध्ये स्थापन झाले. ‘ओलो’ ही सरदारांची लांब फळी परंपरेने विलिविलीच्या हलक्या लाकडाची असे, तर ‘अलाइआ’ ही आखूड व पातळ फळी कोआ किंवा नीरफणसाच्या लाकडाची. विलिविली म्हणजे आपल्याकडच्या पांगाऱ्याचाच सगोत्र वृक्ष, आणि बाल्सा सावरीच्या कुळातला. अशा प्राचीन फळ्या बहुतांशी संग्रहालयांतच आहेत. त्या लिलावात आल्या तर लाकडाइतकीच त्यांच्या मालकीच्या साखळीचीही कसून छाननी होते.

लिलावाची पद्धत इतर कलावस्तूंसारखीच आहे. आधी सूची निघते, तीत प्रत्येक वस्तूचा अंदाजे भाव आणि दुरुस्तीचा तपशील दिलेला असतो, मग प्रत्यक्ष पाहणीचे दिवस येतात. विक्रेता ‘राखीव किंमत’ ठरवून देऊ शकतो, म्हणजे तिच्या खाली बोली थांबली तर वस्तू विकली जात नाही. हातोडा पडल्यावर ठरलेल्या रकमेवर खरेदीदाराला बहुधा लिलावगृहाची अडतही द्यावी लागते, आणि दहा फुटी नाजूक फळी समुद्रापार पाठवण्याचा खर्च वेगळा. नवखे खरेदीदार नेमके हेच हिशेबात धरत नाहीत.

ज्यांना एवढी मोठी वस्तू ठेवायला जागा नाही ते कागदाकडे वळतात. जॉन सेव्हर्सन यांनी १९६०मध्ये आपल्या ‘सर्फ फीव्हर’ या चित्रपटाच्या खेळांच्या जोडीने विकायला काढलेली ‘द सर्फर’ ही पुस्तिका पुढे मासिक झाली, आणि तिचा तो पहिला अंक संग्राहकांना हवा असतो. ब्रूस ब्राउन यांच्या ‘द एन्डलेस समर’ या चित्रपटासाठी जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड यांनी केलेल्या भित्तिपत्रकाची मात्र इतकी पुनर्मुद्रणे झाली आहेत, की कागदाचा पोत, छपाईची शाई आणि कागदाचे माप तपासल्याशिवाय त्यावर बोली लावणे धोक्याचे ठरते.