बादलीतल्या अळ्यांचा धोका कोणाला?

घरी फायटर किंवा गप्पी मासे पाळणारे काही जण त्यांच्या खाद्यासाठी बादलीत पाणी साठवून डासांच्या अळ्या वाढवतात. त्यांना या अळ्यांची धास्ती वाटते ती माशांपायी: जिवंत खाद्यानं टाकीत रोग शिरतो म्हणे. सरसकट तसं नाही. माशांचे बहुतेक परजीवी माशांच्या संगतीतच वाढतात. गच्चीवरच्या ज्या पावसाच्या पाण्यात कधी मासाच नव्हता, तिथून ते येण्याची शक्यता फार कमी. तळ्यातून, नाल्यातून उपसलेल्या खाद्याची गोष्ट वेगळी. त्यातून परजीवी येतात, सांडपाण्यातली रसायनं येतात, आणि चुकून चतुराची अळी आली तर ती माशांच्या पिल्लांचाच फडशा पाडते.

खरा धोका माणसांना आहे, आणि नेमका तोच हसण्यावारी नेला जातो. 'स्वच्छ पाण्यातले डास निरुपद्रवी' हा समज तर पार उलटा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस मादीला साठवलेलं स्वच्छ पाणीच आवडतं. यावर उत्तर तयार असतं: मासे अळ्या खातात, म्हणून तर पालिका हौदात गप्पी सोडते! बरोबर, पण हौदात मासा अळ्यांच्याच पाण्यात चोवीस तास असतो. बादलीवर पहारा असतो तो अळ्या काढायच्या चहाच्या गाळणीचा, आणि गाळणीवाला सुट्टीत गावाला जातो. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. शेवटची कोषावस्था जेमतेम दोन दिवसांची. स्वल्पविरामासारखा वाकडा कोष काही खात नसला तरी बादलीला धक्का लागताच कोलांट्या घेत तळाशी पळतो; गाळणी वरवर फिरवली तर तो हमखास निसटतो. पाणी ओतून दिलं तरी काम संपत नाही. एडीसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. पाण्याची भांडी रिकामी करण्याचा 'कोरडा दिवस' पाळताना ती घासायला सांगतात ती याचसाठी. आणि जाळी? ती आधी बांधली तर मादी आत येणार नाही, म्हणजे अळ्याही नाहीत. नंतर बांधली तर ती रोज उघडावी लागणारच. घरात डासांची पैदास सापडली तर मुंबईसह अनेक शहरांत पालिका दंड करते, आणि 'माशांसाठी ठेवल्यात' ही सबब तिथं चालत नाही.

हौस मात्र सोडायला नको. पिकल्या केळ्याचा तुकडा बाटलीत टाकून तोंडाला कागदाचं नरसाळं बसवलं की फळमाश्या आपसूक आत येतात. बाटली काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की त्या सुस्तावतात, मग पाण्यावर झटकायच्या. वरच्या पाण्यात टिपणारे गप्पी आणि फायटर त्या आवडीनं खातात. तळाशी चरणाऱ्या माशांना गोठवलेले ब्लडवर्म द्यावेत. नाव काहीही असो, त्याही कीटकाच्याच अळ्या, न चावणाऱ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा.