गच्चीवरचं आकाश (भाग ७) : पायाखालचा दगड आणि काक्षीचं वय

सावेडीतल्या एका आठवीच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे : "तारे कोट्यवधी वर्षं जगतात, असं पुस्तकात आहे. माणूस शंभर वर्षंही जगत नाही. मग ताऱ्याचा जन्म आणि मृत्यू पाहिला कोणी?"

हा भाग मी अगस्त्य ताऱ्यासाठी राखून ठेवला होता. पण असा प्रश्न आला की ठरलेलं बाजूला ठेवावं. डॉ. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. २० मे २०२५ रोजी ते गेले. मुलांच्या प्रश्नाला मान देण्याची त्यांची ही रीत मात्र आपण जपली पाहिजे.

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा एकोणिसावा आणि शेवटचा धडा. तो हाती येतो तेव्हा परीक्षा तोंडावर असते, त्यामुळे तो बहुतेक वेळा उरकला जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण नेमक्या याच दिवसांत, फेब्रुवारीत, तो अख्खा धडा संध्याकाळी आपल्या डोक्यावर मांडलेला असतो.

आधी प्रश्नाचं थेट उत्तर. एका ताऱ्याचं सबंध आयुष्य कोणीच पाहिलेलं नाही, कोणी पाहणारही नाही. पण लग्नघरात तासभर बसलेल्या परक्या माणसाला पाळण्यातलं बाळ, बोहल्यावरची जोडी आणि ओसरीवरची आजी एकाच वेळी दिसतात. कोणालाही म्हातारं होताना न पाहता तो माणसाच्या आयुष्याचा क्रम जुळवतो. खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या बाबतीत हेच केलं.

आज रात्री आठच्या सुमाराला गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून मान बरीच वर करा. पाईपलाईन रोडचे दिवे कितीही लखलखीत असले तरी मृग नक्षत्र दिसतंच. मधोमध ओळीत तीन तारे, तो बाण. त्याच्या डाव्या अंगाला वर तांबूस काक्षी, उजव्या अंगाला खाली निळसर पांढरा राजन्य. पाच मिनिटं आळीपाळीने दोघांकडे पाहा. रंगातला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो, आणि रंग म्हणजे तापमान. काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार अंशांचा, राजन्याचा बारा हजारांचा. आपला सूर्य साडेपाच हजारांच्या घरातला.

आता बाणाच्या खाली पाहा. तिथे धूसर ठिपक्यांची एक छोटी उभी रांग आहे. तिच्या मधल्या ठिपक्यावर साधी द्विनेत्री रोखली तर तो पुसट ढगासारखा दिसतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर असलेला हा वायू आणि धुळीचा मेघ म्हणजे ताऱ्यांचं जन्मस्थान. मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत ओढला जातो, आकसतो, तापतो. गाभ्यातलं तापमान काही लाख अंशांवरून एक कोटीच्या पुढे गेलं की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा पेटतो. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, तापलेल्या वायूचा दाब बाहेर ढकलतो. या दोघांची बरोबरी टिकते तोवर तारा स्थिर राहतो.

हायड्रोजन संपत आला की ही बरोबरी मोडते. गाभा आकसतो, बाहेरचे थर फुगतात, थंड होतात आणि तांबडे दिसू लागतात. काक्षी याच अवस्थेत आहे. तो इतका फुगला आहे की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल.

म्हणजे काक्षी म्हातारा आणि सूर्य तरणा. मग काक्षीचं वय सूर्यापेक्षा जास्त असणार, असं कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे, आणि धड्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं. काक्षीचं जेमतेम एक कोटी.

एक कोटी म्हणजे किती, हे समजायला आपल्या भागात उत्तम सोय आहे. सावेडीत कुठे बोअर घेत असतील तर तिथे थोडा वेळ थांबा. वरची माती आणि मुरूम संपला की मशीनमधून राखाडी भुकटी उडू लागते. तो काळा कातळ, म्हणजेच दख्खनचा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि त्यातून सह्याद्री आणि आपलं हे पठार घडलं. त्या वेळी काक्षी नव्हता, राजन्यही नव्हता. ज्या दगडावर तुमच्या इमारतीचा पाया आहे, तो या दोन्ही ताऱ्यांहून कितीतरी जुना आहे.

मग काक्षी इतक्या लवकर थकला कसा? वजनामुळे. त्याच्यात सूर्याच्या पंधरा-वीसपट द्रव्य आहे. जड ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण प्रचंड, गाभा जास्त तापलेला, त्यामुळे इंधन भराभर जळतं. साठा वीसपट, पण खर्च हजारोपट. येत्या लाखभर वर्षांत काक्षीचा महाविस्फोट होईल असा अंदाज आहे. आज आपल्यापर्यंत पोचणारा त्याचा प्रकाश पाचशे ते सातशे वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे १४९० मध्ये अहमद निजामशहाने नगर वसवलं त्या सुमाराचा किंवा त्याच्याही आधीचा.

वयाचा अंदाज कसा बांधतात, हे कृत्तिकांकडे पाहून कळतं. बाणाची रेघ उजवीकडे वर वाढवली की तांबूस रोहिणी लागते आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. हे सगळे तारे एकाच मेघातून, जवळपास एकाच वेळी जन्मले. जड तारे आधी संपतात. त्यामुळे अशा पुंजात किती वजनापर्यंतचे तारे अजून शाबूत आहेत, यावरून पुंजाचं वय काढता येतं. कृत्तिकांचं वय निघतं सुमारे दहा कोटी वर्षं.

राहिला मृत्यू. तीच रेघ डावीकडे खाली नेली की व्याध भेटतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याला एक जोडीदार आहे. व्याधाची चाल किंचित नागमोडी आहे, म्हणजे शेजारी न दिसणारं काहीतरी त्याला ओढत असलं पाहिजे, असं खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८४४ मध्ये सांगितलं. १८६२ मध्ये तो जोडीदार दुर्बिणीत सापडला. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान जवळपास सूर्याएवढं. हा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्याचंही असंच होणार आहे. हा जोडीदार साध्या डोळ्यांना दिसत नाही. धड्यातलं एवढं एकच पान गच्चीवरून वाचता येत नाही.

शिक्षकांना एक विनंती. कल्याण रस्त्याने आळेफाट्याला आणि तिथून नारायणगावकडे गेलं की जवळच खोडद आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तारे ज्यापासून बनतात त्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी ती टिपते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे शाळांची प्रदर्शनं भरतात आणि दुर्बीण जवळून पाहता येते. आठवीचा वर्ग तिकडे नेता आला तर जरूर न्यावा.

अगस्त्य पुढच्या आठवड्यात. अकोल्यात प्रवरेकाठी ज्या ऋषींचा आश्रम सांगतात, त्यांच्याच नावाचा हा तारा. फेब्रुवारीअखेर रात्री साडेआठच्या सुमाराला तो बरोबर दक्षिणेला येतो, पण क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर. हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींहून थोडा कमी. सावेडीतून दक्षिणेला शहराचे दिवे आणि उंच इमारती येतात. तेव्हा त्या बाजूला मोकळं आकाश दिसेल अशी गच्ची आत्ताच हेरून ठेवा.