फायरवॉलला जास्तीची दारं

छोट्या ऑफिसातलं नेटवर्क साधारण असंच वाढत जातं. आधी हिशेबाचे तीन-चार संगणक, मग प्रिंटर, मग वाय-फाय आणि शेवटी सीसीटीव्ही. सगळं एकाच स्विचला खोचलेलं. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीतून आला तोच, आणि त्याच तारेवर गिऱ्हाइकांची जीएसटीची विवरणं. २०१६मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कंपनीतून आलेले हेच पासवर्ड वापरून जगभरच्या लाखो कॅमेऱ्यांवर, डीव्हीआरवर आणि राउटरवर ताबा मिळवला होता. तेव्हा कॅमेरे वेगळ्या तारेवर नेलेले बरे. त्यासाठी फायरवॉलला, म्हणजे आतलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये बसलेल्या राखणदाराला, एक दार जास्त लागतं.

इथे आपण जुन्या डेस्कटॉपवर चालणारी फायरवॉल धरून चालू. पीएफसेन्स किंवा त्यातूनच वेगळी होऊन २०१५मध्ये आलेली ओपीएनसेन्स अशा मोफत प्रणालीवर ती चालते. तिला दारं वाढवायची म्हणजे चार पोर्टचं नेटवर्क कार्ड बसवायचं. पोर्ट म्हणजे लॅनची तार खोचायची जागा. स्क्रू ड्रायव्हरचं काम दहा मिनिटांचं आहे. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

कॅबिनेट उघडण्याआधी फायरवॉलच्या सेटिंग्जची प्रत उतरवून घ्या. पीएफसेन्समध्ये ती ‘डायग्नोस्टिक्स’ या मेनूत ‘बॅकअप अँड रिस्टोर’खाली मिळते. ही फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका; तिच्यात पासवर्ड आणि चाव्या असतात.

मग कागद घ्या. कोणत्या पोर्टला फायरवॉल काय नाव देते, तिथे कोणती तार येते आणि त्या पोर्टचा मॅक पत्ता काय, हे लिहून काढा. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक पोर्टला कारखान्यातच दिलेला बारा अक्षरांचा ओळख क्रमांक. तारांवर कागदी चिकटपट्टी लावून ‘बाहेर’, ‘आत’ असं लिहा आणि मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. हे काम नेमकं कंटाळवाणं वाटतं आणि नेमकं तेच टाळलं जातं.

कार्ड कोणतं घ्यावं? या दोन्ही प्रणाली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभ्या आहेत, आणि इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, तिथे चांगले मुरलेले आहेत. इंटेलचं आय३५०-टी४ हे चार पोर्टचं कार्ड माझ्या पसंतीचं. सर्व्हरमधून काढलेलं जुनंही चालतं. मात्र त्याच्या नकला बाजारात आहेत. नवंकोरं म्हणून कुणी फारच स्वस्तात देत असेल तर सोडून द्या.

घेताना कार्डाच्या टोकाची पत्र्याची पट्टी बघा. ती दोन उंचींची येते: साधारण १२ सेंटिमीटर आणि ८ सेंटिमीटर. ऑफिसात वापरतात त्या बारक्या, आडव्या कॅबिनेटमध्ये लांब पट्टी मावतच नाही. कार्ड घरी आल्यावर हे कळतं आणि दोन दिवस वाया जातात. दुकानदाराकडून दोन्ही पट्ट्या मागून घ्या.

आता स्लॉट. मदरबोर्डवरच्या या खाचा लहान-मोठ्या असतात, कारण प्रत्येकीत मार्गिका कमी-जास्त असतात. एकपदरी आणि चौपदरी रस्त्यासारखंच. आपलं कार्ड चार मार्गिकांचं आहे. ते सोळा मार्गिकांच्या लांब, ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत निर्धास्त बसतं. सर्वांत आखूड खाचेत मात्र ते जात नाही. मोठी खाच वाया गेली म्हणून हळहळू नका, राखणदाराला ग्राफिक्स कार्ड काय करायचंय?

फायरवॉलला बहुधा मॉनिटर जोडलेला नसतो. आज तो आणि कीबोर्ड दोन्ही जोडा. पुढे ब्राउझरमधून फायरवॉल दिसेनाशी झाली तर तेवढाच मार्ग उरतो. मग मेनूतून यंत्र रीतसर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, वायर काढून घ्या. संगणक बंद दिसत असला तरी वायर लावलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्ट देतच राहतो. वायर काढल्यावर संगणकाचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते.

कार्ड पिशवीतून काढण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरची स्थिर वीज, स्वेटर काढताना चटचट वाजते ती, चिपला मारक ठरते. विदर्भातल्या कोरड्या थंडीत हे विशेष सांभाळा. कार्ड कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

खाचेसमोरची कोरी पत्र्याची पट्टी काढा. कार्डाची चीर खाचेतल्या उंचवट्यावर आणा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. सोनेरी कड सगळीकडे सारखीच आत गेलेली दिसली पाहिजे. इथे एक बारीक खोड आहे. पट्टीची खालची जीभ मदरबोर्ड आणि पत्रा यांच्या फटीत नीट उतरली नाही, तर वरचा स्क्रू आवळताना कार्डाचं मागचं टोक केसभर वर उचललं जातं. डोळ्यांना बसलेलं दिसतं, पण यंत्राला सापडत नाही. म्हणून स्क्रू आवळून झाल्यावर पुन्हा एकदा वाकून बघा. स्क्रू आत पडला तर कॅबिनेट तिरपं करून तो बाहेर काढा. तो सापडेपर्यंत वीज द्यायची नाही, कितीही घाई असली तरी.

आता यंत्र सुरू करा, पण बाहेरून येणारी इंटरनेटची तार अजून लावू नका.

फ्रीबीएसडीत पोर्टचं नाव ड्रायव्हरवरून आणि सापडलेल्या क्रमावरून ठरतं: आयजीबी०, आयजीबी१ असं. ओळखीच्या एका सीएंच्या ऑफिसात दोन पोर्टचं जुनं कार्ड होतं. शून्यावर इंटरनेट, एकवर ऑफिस. मी चार पोर्टचं नवं कार्ड बसवलं. ते क्रमात आधी सापडलं आणि त्याने शून्य ते तीन हे आकडे घेतले. जुन्या कार्डाचे पोर्ट चार आणि पाच झाले. फायरवॉल बिनतक्रार सुरू झाली, कारण तिच्या लेखी आयजीबी० आणि आयजीबी१ दोन्ही जागेवर होते. तारा मात्र जुन्याच कार्डात. पाऊण तास मी केबल बदलत बसलो, कार्ड तीनदा काढून बसवलं. बिघडलं काहीच नव्हतं.

ठरवून दिलेला पोर्ट सापडलाच नाही तर पीएफसेन्स थांबते आणि विचारते. आकडे नुसते सरकले तर ती विचारत नाही. अशा वेळी अंदाजाने तारा फिरवू नका. बाहेरची तार चुकून ‘आत’च्या पोर्टमध्ये गेली तर तिकडच्या लोकांना आपल्या फायरवॉलचं लॉगिनचं पान दिसू शकतं.

मॉनिटरवरच्या मेनूत पहिला पर्याय पोर्ट ठरवून देण्याचा आहे. तिथे मॅक पत्त्यांची यादी दिसते. ती आपल्या कागदाशी ताडून बघा आणि नावं नव्याने द्या. शंका राहिली तर लॅपटॉपची तार एकेका पोर्टला लावून कोणता पोर्ट जागा होतो ते पाहा आणि लगेच त्यावर चिकटपट्टी लावा.

इंटरनेटची तार नव्या कार्डावर नेली आणि इंटरनेट बंद पडलं, तर लगेच कार्डाला दोष देऊ नका. आपल्याकडचे बरेच केबलवाले जोडणी एका मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. त्यांना फोन करून नवा पत्ता कळवा, किंवा फायरवॉलच्या सेटिंगमध्ये जुना पत्ता भरा.

आता कॅमेऱ्यांचा पोर्ट. तो आधी सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. त्याला वेगळी पत्तामालिका द्या, ऑफिसची १९२.१६८.१ असेल तर याला १९२.१६८.२०. दोन्हीकडे एकच मालिका ठेवणं ही फार नेहमीची चूक आहे. दुसरी चूक म्हणजे चार पोर्टना स्विच समजणं. इथे प्रत्येक पोर्ट हे स्वतंत्र नेटवर्क आहे. कॅमेरे अनेक असतील तर त्यांच्यासाठी वेगळा स्विच घ्या.

नव्या पोर्टवर सुरुवातीला एकही नियम नसतो, आणि नियम नाही म्हणजे वाट बंद. ‘कार्ड चालत नाही’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. कॅमेऱ्यांपुरतं हे रिकामेपण आपल्या पथ्यावरच पडतं. ऑफिसातून डीव्हीआर उघडला की फायरवॉल ती विचारणा लक्षात ठेवते आणि उत्तर आत येऊ देते. कॅमेऱ्याने आपणहून हिशेबाच्या संगणकाकडे जायचं म्हटलं तर अडवते. फक्त घड्याळ जुळवण्यापुरता, पोर्ट क्रमांक १२३चा एक नियम घाला. नाहीतर डीव्हीआरची वेळ हळूहळू सरकते आणि चोरीच्या दिवशी चित्रण दुसऱ्याच वेळेचं दिसतं. मोबाइलवर कॅमेरे हवेच असतील तर व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी वाट, वापरा.

शेवटी लॅपटॉप कॅमेऱ्यांच्या स्विचला लावून हिशेबाचा संगणक उघडायचा प्रयत्न करा. उघडला नाही तर काम झालं.

कंपनीची तयार फायरवॉल असेल तर गोष्ट वेगळी. तिला बहुधा त्याच कंपनीचं कार्ड लागतं, झाकणावरचं सील तोडलं तर वॉरंटी जाऊ शकते, आणि चालू यंत्रात कार्ड बसवता येतं की नाही हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतच बघावं.

आणि काढलेली ती कोरी पत्र्याची पट्टी टाकून देऊ नका. उद्या कार्ड काढलंत तर तिथे भोक उरेल, आणि आपल्या ऑफिसांतल्या पालींना आत शिरायला तेवढी जागा पुरते.