राबाची राख आणि क्षाराचा घोळ

उन्हाळा सरता सरता कर्जत-खालापुरात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यातली मूठभर राख पाण्यात ढवळून, गाळून आठवीच्या वर्गात न्यावी. टिपकागदाला हळदीचं पाणी लावून तो वाळवला आणि त्यावर राखेच्या पाण्याचा थेंब सोडला, की पिवळा रंग तांबडा होतो. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे घरोघरच्या आयांना ठाऊक असतं. पुस्तक नावं तेवढी देतं: राखेत पोटॅशियम कार्बोनेट, लिंबात सायट्रिक आम्ल.

पोरं अडतात ती पुढे, आणि तेही एका शब्दापाशी. घरात खार म्हणजे पापडखार, म्हणजे अल्कधर्मी वस्तू. आयुर्वेदातला आघाड्याचा क्षार राखेतूनच काढतात. हिंदी पुस्तकात क्षार म्हणजे अल्क, आणि मिठाच्या जातीला लवण. मराठी पुस्तकात मात्र आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा गुण मारतात तेव्हा तयार होतो तो क्षार. गोंधळणारं पोर ढ नसतं, ते घरची भाषा बोलत असतं. हा घोळ पहिल्याच तासाला फळ्यावर मांडलेला बरा.

मग क्षार करूनच दाखवावा. शंकुपात्रात सोडियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण, त्यात फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब, द्रावण गुलाबी. ब्युरेटमधून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडायचं, गुलाबी गेला की थांबायचं. पण तयार झालेल्या मिठात दर्शक मिसळलेला. म्हणून किती आम्ल लागलं ते टिपून, तेवढंच घेऊन, दर्शकाविना सगळं पुन्हा करायचं. घाईत नेमका हाच भाग गाळला जातो. हिशेब चोख आहे: ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि ३६.५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड यांचं ५८.५ ग्रॅम मीठ आणि १८ ग्रॅम पाणी. पेण-उरणच्या मिठागरांत पाणी ऊन आटवतं, इथे स्पिरिटचा दिवा. चव मात्र कुणी बघायची नाही.

आम्लाची गाठ वर्गाबाहेरही पडते. खालापूर तालुक्यातल्या रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनायचं, इस्रोच्या रॉकेटांसाठी. पाण्याशी गाठ पडली की त्याचं नायट्रिक आम्ल होतं. कारखान्याचं बाकी काम बंद झालं, तेव्हा तेवढा विभाग इस्रोकडे गेला.

खोपोलीच्या रस्त्यावर टँकरच्या पाठीवर एक चित्र दिसतं: थेंब हातावर आणि धातूवर पडतायत, खाली ८ आकडा. इयत्तेचा नव्हे, घातक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला आठवा वर्ग, कातडी आणि धातू खाणाऱ्या पदार्थांचा. त्यात आम्लं येतात, तसा सोडियम हायड्रॉक्साइडही.