वाफेआडची गावे
‘जुन्या छायाचित्रांतील जपान’ : लेखांक सातवा

मागील लेखांकात योकोहामा बंदरातील छायाचित्रशाळांचा, आणि तेथे कागदी प्रतींवर हलक्या हाताने जलरंग चढविणाऱ्या कारागिरांचा परिचय आपण करून घेतला. या शाळांनी परदेशी प्रवाशांना विकलेले, लाखेच्या नक्षीदार पुठ्ठ्यांत बांधलेले चित्रसंग्रह आज चाळू लागले, म्हणजे फुजी पर्वत, कामाकुराचा महाबुद्ध आणि निक्कोची देवालये यांच्या जोडीने आणखी एक विषय वारंवार समोर येतो : डोंगराच्या कुशीत दाटीने वसलेले एखादे गाव, त्यातून खळाळत जाणारा ओढा, ओढ्याच्या काठी सज्जे पुढे काढून उभ्या असलेल्या लाकडी पांथशाळा, आणि मधूनच छपरांवर तरंगणारी वाफ. ओन्सेन म्हणजे उष्णोदकाचे झरे, आणि ऱ्योकान म्हणजे त्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या पांथशाळा. या चित्रांकडे पाहणाऱ्याला सहजच वाटते, की हे सारे शतकानुशतके असेच चालत आले असावे आणि छायाचित्रकाराने केवळ त्याची नक्कल काचेवर उतरवून घेतली असावी. झरे खरोखरच पुरातन आहेत, याविषयी वाद नाही. परंतु चित्रांत दिसणारी पांथशाळा मात्र पुष्कळ अंशी त्या चित्राच्याच वयाची आहे, असे माझे मत आहे, आणि आजच्या लेखांकात त्याचीच कारणे मांडावयाची आहेत.

प्रथम या चित्रांचा भूगोल पाहू. जपानात उष्ण झऱ्यांची गावे शेकडो असताना योकोहामाच्या संग्रहांत हाकोनेच्या डोंगरातील गावे वरचेवर येतात, आतामी व इकाहो अधूनमधून येतात, आणि दूरच्या ईशान्य प्रांतांतील गावे विरळाच दिसतात. याचे कारण निसर्गसौंदर्यात शोधण्यापेक्षा सरकारी दफ्तरात शोधणे अधिक युक्त होईल. १८५८ सालच्या तहांनी परदेशी लोकांना खुल्या बंदरांच्या भोवती साधारणतः १० री, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, एवढ्याच हद्दीत हिंडण्याची मुभा दिली होती. योकोहामाहून पश्चिमेस जाणाऱ्याची हद्द ओदावारानजीकच्या साकावा नदीपाशी संपे, आणि हाकोनेचा घाट नेमका तिच्या पलीकडे चढू लागे. पुढे मेइजी सरकारने हद्दीबाहेरच्या प्रवासासाठी परवाने देण्याचा शिरस्ता घातला, तेव्हा त्यासाठी जी कारणे ग्राह्य धरली जात त्यांत शास्त्रीय संशोधनाबरोबर प्रकृतिस्वास्थ्य हे एक होते. उष्णोदकाच्या गावी जाऊ इच्छिणाऱ्या मनुष्याजवळ हे कारण आयतेच असे. १८९९ साली नवे तह अमलात येऊन ही परवान्यांची पद्धत रद्द होईपर्यंत परदेशी गिऱ्हाईक ज्या वाटेने जाऊ शके, त्याच वाटेची चित्रे तो विकत घेई, आणि छायाचित्रकारही मुख्यतः तिकडेच आपली पेटी घेऊन जाई. कोबे बंदराच्या आसपास हाच मान आरिमा या गावास मिळाला.

हाकोनेच्या डोंगरांत प्रथम गेलेल्या छायाचित्रकारांपैकी फेलीचे बेआतो याचे नाव आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. १८५७ च्या उठावानंतर उद्ध्वस्त झालेल्या लखनौची चित्रे १८५८ साली ज्याने घेतली, तोच हा गृहस्थ. १८६३ साली तो योकोहामास आला. १८६६ च्या नोव्हेंबरातील भीषण आगीत त्याची शाळा भस्मसात झाली, तरी खचून न जाता पुढील दोन वर्षांत त्याने नवा संग्रह उभा केला, आणि हाकोने गावाचे त्याचे प्रसिद्ध चित्र त्याच काळातले आहे. तोकाइदो या राजमार्गावरील ते एक ठाणे. त्या चित्रात गवताने शाकारलेली, ठेंगण्या छपरांची घरे रस्त्याच्या दुतर्फा उभी आहेत. पुढील काळात हाकोनेच्या नावाबरोबर ज्या बहुमजली इमारती आणि काचेच्या खिडक्या आपल्या डोळ्यांपुढे येतात, त्यांचा येथे मागमूसही नाही.

बेआतोच्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावात बुडवावयाची आणि लेप ओला आहे तोच, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटांच्या आत, चित्र घेऊन ते धुऊनही काढावयाचे. यासाठी अंधारा तंबू, औषधांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या हमालांच्या खांद्यावर घाट चढून न्याव्या लागत. त्यातही उष्ण झऱ्यांचे गाव म्हणजे या विद्येला प्रतिकूल स्थळ : गंधकाच्या वायूने चांदी काळवंडते, हा रसायनशास्त्राचा साधा नियम आहे, आणि बाफाने भिंगावर दहिवर धरते. काही सेकंद भिंग उघडे ठेवावे लागे, त्यामुळे हलणारी माणसे पुसट होत आणि वाफेचा केवळ एक पांढुरका ढग उमटे. १८८० नंतरच्या दशकात कोरड्या काचा जपानात रुळल्या, तेव्हा कोठे हा जाच कमी झाला.

आता कालनिर्णयाची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने चांगल्या चांगल्या ग्रंथांतही घोटाळे झालेले आहेत. बेआतोने १८७७ साली आपला सारा संच बॅरन श्टिलफ्रीड याच्या पेढीस विकला. त्या पेढीचा वारसा १८८५ साली आदोल्फो फारसारी या इटालियन गृहस्थाकडे गेला, आणि लगेच १८८६ च्या आगीत फारसारीच्या काचा नष्ट झाल्या. बेआतो व श्टिलफ्रीड यांच्या हाताखाली तयार झालेला कुसाकाबे किंबेइ याने १८८१ च्या सुमारास स्वतःची शाळा काढली, तेव्हा जुन्या काचांपैकी काही त्याच्याही संग्रहात आल्या. तात्पर्य, १८९० साली विकलेल्या संग्रहातील चित्र वीस वर्षे आधीचे असू शकते. पुठ्ठ्यावरील साल हा चित्राच्या जन्माचा दस्तऐवज नव्हे. रंगांवरही विसंबू नये, कारण कुंचला योकोहामात चाले आणि रंग देणाऱ्याने ते गाव पाहिलेले असेलच, असे नाही. तेव्हा पुरावा चित्रातल्या वस्तूंतच शोधला पाहिजे.

असा पुरावा सर्वांत विपुल मिळतो तो हाकोनेतील मियानोशिता या गावी. येथे १८७८ साली यामागुची सेन्नोसुके याने एक जुनी पांथशाळा विकत घेऊन परदेशी पाहुण्यांसाठी ‘फुजिया’ हे हॉटेल चालू केले. १८८३ साली गावात मोठी आग लागली व त्यात ते जळाले. १८८७ साली खालच्या खोऱ्यातून गाड्या येण्याजोगा रस्ता तयार झाला, आणि १८९१ साली आजही उभी असलेली मुख्य इमारत बांधली गेली. तिच्या दर्शनी भागाचे चित्र जरूर निरखून पाहावे. प्रवेशद्वारावर देवालयाला शोभेल अशी वळणदार कमान आहे, पण खिडक्यांना पाश्चात्त्य धाटणीची काच आहे. परदेशी पाहुण्याला जपान पाहावयाचे होते आणि थंडीवाऱ्यापासून सुरक्षितही राहावयाचे होते. बांधणाऱ्याने दोन्ही इच्छा एकाच भिंतीत बसविल्या. शेजारीच ‘नाराया’ ही जुनी, प्रतिष्ठित पांथशाळा होती. दोघांची चुरस विकोपास गेली, तेव्हा १८९३ साली त्यांनी आपसांत करार केला, की फुजियाने केवळ परदेशी पाहुणे घ्यावेत आणि नारायाने केवळ जपानी. हा करार १९१२ पर्यंत चालला. ज्या निर्भेळ ‘जपानी’ पांथशाळेची आपण कल्पना करतो, ती या एका गावी तरी अशा लेखी वाटणीतून निपजली, हे मला फार उद्बोधक वाटते. तत्पूर्वी हा भेद करण्याचे कोणास कारणच नव्हते. राजमार्गावरील सरदारांचे राखीव मुक्काम, म्हणजे होन्जिन, १८७० साली बरखास्त झाले होते, आणि सामान्य वाटसरूंच्या हातागो नावाच्या खाणावळी आगगाडीमुळे ओस पडू लागल्या होत्या. या दोहोंपैकी एकाचा डौल आणि दुसरीचा व्यवहार घेऊन उष्णोदकाच्या गावी जी नवी संस्था आकाराला आली, तिचे बालपण या चित्रांत आहे.

मात्र या गावांचा जो प्राण, ते स्नान, या चित्रांत जवळजवळ नाही. स्नानगृहे अंधारी व बाफाने कोंदलेली, त्यामुळे त्या काळच्या यंत्राला ती असाध्यच होती. शिवाय परदेशी दृष्टीचा धाकही होता. अमेरिकी कमोडोर पेरीच्या जपान-मोहिमेच्या १८५६ सालच्या अधिकृत वृत्तांतात शिमोदा येथील सार्वजनिक स्नानगृहाचे, स्त्रीपुरुष एकत्र स्नान करीत असलेले, एक चित्र छापले गेले. त्यावर इतका गहजब झाला की पुढील प्रतींतून ते गाळण्यात आले. पाश्चात्त्यांच्या लेखी आपण असंस्कृत ठरू नये म्हणून मेइजी सरकारने सहस्नानावर मनाईचे हुकूम काढले, आणि त्याच पाश्चात्त्यांना विकण्यासाठी छायाचित्रशाळांत लाकडी पिंपे मांडून, मागे पडदा लावून, स्नानाची कृत्रिम दृश्ये उभी केली गेली. ती चित्रे मी अभ्यासार्थही फारशी ग्राह्य मानीत नाही. ज्या चालीरीतीला कायद्याने लाजविले, तिचाच देखावा करून बाजारात मांडला, ही गोष्ट त्यांत बसविलेल्या निनावी मुलींवर अन्याय करणारी होती.

याउलट छायाचित्रकाराच्या लक्षात न आलेल्या गोष्टी अमोल आहेत. इकाहो येथे गावाचा मुख्य रस्ता म्हणजे डोंगर चढणाऱ्या दगडी पायऱ्यांची एक सलग ओळ. तिच्या खालून झऱ्याचे पाणी पाटाने उतरते आणि ठरावीक मापाच्या लहान मुखांतून एकेका पांथशाळेकडे वळते. खानदेशातील फडाच्या पाण्यावर जसा एकेका खातेदाराचा हक्क बांधलेला असतो, तसाच येथे एकेका घराण्याचा हक्क या मुखांशी बांधलेला होता, आणि गावातील मानापमानही त्यावरच ठरत. कुसात्सु येथे भर गावात लाकडी पन्हळ्यांची रांग दिसते. अत्यंत आम्ल व पोळणारे पाणी थंड पाण्याची भेसळ न करता निववावे, आणि तळाशी बसणारा गंधक गोळा करावा, असा तिचा दुहेरी उद्देश. रोगी येथे स्नानप्रमुखाच्या हुकुमाने फळ्यांनी पाणी घुसळीत व मग जेमतेम तीन मिनिटे त्यात बसत. तोक्योत वैद्यक शिकविणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी जपानच्या खनिज झऱ्यांवर १८८० साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कुसात्सुची कीर्ती दूरवर नेली. त्यानंतरच्या चित्रांत पन्हळ्यांभोवती पांथशाळांचे मजले वाढत गेलेले स्पष्ट दिसतात.

१९२३ च्या महाभूकंपाने योकोहामा जमीनदोस्त झाले आणि असंख्य काचांचा चुरा झाला; हाकोनेचीही मोठी हानी झाली. पश्चिमेकडील किनोसाकी हे गाव १९२५ च्या मे महिन्यातील भूकंपाने व त्यामागोमाग लागलेल्या आगीने बेचिराख झाले. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारले, तेव्हा ओढ्याचे काठ जवळच्या गेन्बुदो गुहेकडील काळ्या पाषाणाने बांधून काढले आणि बाजूला लाकडी पांथशाळांची नवी रांग उभी केली. आजचा प्रवासी जिला प्राचीन समजून तिच्यापुढे उभा राहतो, ती ही रांग. भूकंपापूर्वीचे किनोसाकी पाहावयाचे तर मात्र योकोहामाचे रंगीत संग्रह उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी १९०० साली खासगी छापखान्यांना परवानगी मिळाल्यावर निघालेल्या स्वस्त चित्र-पोस्टकार्डांकडे वळावे लागते. ती कार्डे जपानी प्रवाशाने जपानी प्रवाशासाठी घेतलेली असल्यामुळे त्यांत निराळेच गाव दिसते, आणि पुढील लेखांक त्यांनाच दिलेला आहे.