हळवे, निमगरवे आणि गरवे भात

हळवे, निमगरवे आणि गरवे हे भाताच्या वाणांचे पक्व होण्याच्या कालावधीनुसार केलेले तीन वर्ग आहेत. पेरणीपासून सुमारे १२० दिवसांच्या आत तयार होणारे वाण हळवे, साधारण १२० ते १३५ दिवस घेणारे निमगरवे आणि त्याहून अधिक दिवस घेणारे गरवे म्हणून ओळखले जातात. कर्जत १८४ व रत्नागिरी २४ हे हळवे, जया हा निमगरवा, तर सुवर्णा हा गरवा वाण आहे.

फरकाचे कारण

उष्ण कटिबंधात लोंबी धरण्यास प्रारंभ झाल्यापासून फुलोऱ्यापर्यंत सुमारे ३५ दिवस आणि तेथून दाणा पक्व होईपर्यंत सुमारे ३० दिवस लागतात. हे दोन टप्पे बहुतेक वाणांत जवळपास सारखे असतात. फरक मुख्यतः त्यापूर्वीच्या शाकीय वाढीत पडतो. अनेक पारंपरिक गरव्या वाणांना दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोरा येतो. त्यामुळे पेरणी लांबली तरी त्यांची कापणी त्या प्रमाणात लांबत नाही.

जमीन आणि पाऊस

कोकणात उंचावरील, हलक्या जमिनीतील पाणी पाऊस थांबताच ओसरते. तेथे हळवे भात लावतात. सखल, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरांत गरवे भात घेतले जाते. हळव्या भाताची कापणी परतीच्या पावसात सापडल्यास पीक लोळते व दाण्यांना मोड येतात. याउलट पाऊस लवकर संपल्यास गरव्या भाताचा दाणा भरताना पाणी कमी पडून पळिंज वाढते. दोन्ही प्रकार लावल्यास हंगामातील एकाच आपत्तीत सर्व पीक जाण्याचा धोका कमी होतो.

कापणीची विभागणी

१० जूनला एकाच दिवशी पेरलेले १०५, १३० व १४५ दिवसांचे वाण अनुक्रमे सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या मध्यास व नोव्हेंबरच्या आरंभी तयार होतात. अशा प्रकारे कापणी सुमारे सहा आठवड्यांत विभागली जाते व मजुरांची एकदम गरज पडत नाही. हळव्या भातामुळे घरात नवे धान्य लवकर येते.

मर्यादा

शाकीय वाढीस कमी काळ मिळत असल्याने हळव्या वाणांचे उत्पादन सामान्यतः कमी असते. आजूबाजूच्या शेतांआधी पिकणाऱ्या एकट्या खाचरावर पाखरांचा उपद्रव अधिक होतो. शिवाय लगतच्या खाचरांत भिन्न कालावधीचे वाण असल्यास कापणीपूर्वी पाणी काढणे अवघड जाते. म्हणून एका सलग पट्ट्यात एकाच वर्गाचे वाण लावणे सोयीचे ठरते.